सांधा नवा, पण जंतू जुनेच!

गुडघा बदलणे, मोडलेल्या मांडीत सळई घालणे, हृदयाची झडप बदलणे या शस्त्रक्रिया आता आपल्या चांगल्याच ओळखीच्या झाल्या आहेत. रुग्ण विचारतात, "डॉक्टर, हे स्टील गंजत नाही, मग तिथे पू कसा होतो?" प्रश्न रास्त आहे.

जंतू धातूला खात नाहीत, त्याच्यावर बिऱ्हाड करतात. जिवंत मांसात रक्त खेळते, त्यातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना गाठतात. धातूत रक्त कुठले? तेथे चिकटलेले जंतू स्वतःभोवती बुळबुळीत थर तयार करतात. न घासलेल्या माठात आतून हात फिरवला की लागतो ना, तसाच. या थराआडच्या जंतूंवर औषध पुरते चालत नाही. मग पुष्कळदा बसवलेला सांधाच काढावा लागतो. म्हणून सारा भर जंतू चिकटू न देण्यावर असतो.

इंग्लंडचे सर जॉन चार्नली यांनी १९६०च्या दशकात खुब्याचा कृत्रिम सांधा रूढ केला. सुरुवातीला त्यांच्या शंभरांतील सुमारे सात रुग्णांना जंतुसंसर्ग होई. शस्त्रक्रियागृहात गाळलेली हवा आणि दाट विणीचे गाऊन वापरून त्यांनी हे प्रमाण सुमारे एकावर आणले. आता चिरा देण्यापूर्वी तासाभरात प्रतिजैविकाचे इंजेक्शनही देतात.

रुग्णाचे कामही कमी नाही. शस्त्रक्रियेपूर्वी मधुमेह आटोक्यात आणा. किडलेला दात, गळू, पायाची चिखली, लघवीची जळजळ असल्यास आधी सांगा आणि बरे करून घ्या. विडी-तंबाखू सोडा. आदल्या दिवशी साबणाने स्वच्छ अंघोळ करा. मात्र घरी ब्लेडने केस काढू नका. बारीक ओरखड्यांत जंतू वाढतात.

नंतर जखम कोरडी ठेवा. हळद, तेल, झाडपाला लावू नका. जखम लाल होणे, पाणी किंवा पू येणे, ताप, किंवा थांबलेले दुखणे पुन्हा सुरू होणे, यांपैकी काहीही दिसले तर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा. दुकानातून परस्पर प्रतिजैविक घेऊ नका. त्याने जंतू मरत नाहीत, लपतात. तपासणीत सापडत नाहीत आणि मोलाचे दिवस वाया जातात.

कृत्रिम झडप असलेल्यांनी दात काढण्यापूर्वी दंतवैद्यांना तसे जरूर सांगावे. त्यांना आधी प्रतिजैविकाचा डोस लागतो.

शस्त्रक्रियेचे कागद जपून ठेवा. कोणत्याही डॉक्टरकडे जाताना ते सोबत न्या.