धंद्याला पैसा आणायचा कुठून?

मुलांनो, दिवाळीच्या सुट्टीत आकाशकंदील करून विकायचे, असं तुम्ही चार मित्रांनी ठरवलंत. कागद, काड्या, खळ आणायची तर आधी आपापला खाऊच्या पैशांचा डबा फुटणार. मग आई नाहीतर काका! मोठ्या कंपन्यांचंही साधारण असंच असतं बरं का. ॲपल या कंपनीचीच गोष्ट घ्या.

साल १९७६. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात स्टीव्ह जॉब्ज आणि स्टीव्ह वॉझनियॅक या दोघा मित्रांनी संगणक विकायचं ठरवलं. पैशासाठी जॉब्जने आपली गाडी विकली, वॉझनियॅकने आपला महागडा कॅल्क्युलेटर. ही झाली पहिली पायरी : स्वतःचा पैसा. त्याला व्याज नाही, कुणाला जाब द्यायला नको. पण तो लवकर संपतो आणि बुडाला तर आपलाच बुडतो.

तेवढ्यात एका दुकानदाराने ५० संगणक मागितले, प्रत्येकी ५०० डॉलरला. पण सुटे भाग घ्यायलाच पैसे नव्हते! जॉब्जने ही मागणी दाखवून ३० दिवसांच्या उधारीवर भाग मिळवले. जॉब्जच्या घरीच सगळे जण कामाला लागले आणि माल वेळेत पोचला. उधारी ही दुसरी पायरी. तिची अट एकच : तारीख चुकवायची नाही.

पुढचा संगणक मोठ्या प्रमाणावर करायचा, तर भरपूर पैसा हवा. १९७७ मध्ये माइक मार्कुला या श्रीमंत गृहस्थांनी अडीच लाख डॉलरची सोय केली. मोबदल्यात त्यांना दोघा मित्रांच्या बरोबरीचा हिस्सा मिळाला. मग व्हेंचर कॅपिटलवाले आले. ही मंडळी अनेक नव्या धंद्यांत पैसा घालतात. त्यातले बरेच बुडतात, पण एखादा असा चालतो की सगळं भरून निघतं!

शेवटी १२ डिसेंबर १९८० रोजी कंपनीचे शेअर बाजारात आले. किंमत २२ डॉलर. आता कुणालाही ॲपलचा छोटासा मालक होता येत होतं.

पण गंमत पुढेच आहे. १९८५ मध्ये कंपनी कशी चालवावी यावरून भांडण झालं. संचालक मंडळाने जॉब्जची बाजू घेतली नाही आणि ज्याने कंपनी काढली, त्यालाच बाहेर पडावं लागलं! तो परतला थेट १९९७ मध्ये. हिस्सा देऊन पैसा घेतला की निर्णयातही वाटेकरी येतात, तो असा.

आता तुमचं कंदिलाचं दुकान. काका म्हणतात, “२०० रुपये घ्या. एकतर दिवाळीनंतर २१० परत करा, नाहीतर अर्धा नफा मला द्या. मग तोटा झाला तर तोही निम्मा माझा.” खप चांगला झाला तर काय परवडेल? आणि अवेळी पाऊस येऊन कंदील भिजले तर?

आज जेवताना आईबाबांबरोबर हिशेब मांडून पाहा!