सोलापूरकरांचा संघ कोणता?

रणजी स्पर्धेत सोलापूर महाराष्ट्र संघाच्या हद्दीत मोडते. येथील कित्येक क्रिकेटरसिकांचे मन मात्र मुंबईकडेच ओढ घेते. त्यांस दोष तरी कसा द्यावा? मुंबईने २०२४ पर्यंत ४२ वेळा करंडक जिंकला. महाराष्ट्राने १९३९-४० व १९४०-४१ असा दोनदाच. तथापि ही आवड उसनी आहे. जानेवारी २०२४ मध्ये पार्क मैदानावर महाराष्ट्र-मणिपूर रणजी सामना झाला, तेव्हा महाराष्ट्राचा संघ सोलापूरकरांना आपल्याच गावात पाहता आला. सोलापूरचाच अर्शिन कुलकर्णी त्या वर्षी आयपीएलमध्ये लखनौकडून खेळला. मग लखनौही आपलेच! प्रेक्षकांनी महाराष्ट्राचे व्हावे, अशी संघटनेची इच्छा असेल, तर पुण्याबाहेरचा एक रणजी सामना दर हंगामात सोलापूरला द्यावा.