साच्याशेजारची शाळा

मुंबईतला गिरणी संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. संपाचा विषय निघाला की लोक संपाचे पुढारी दत्ता सामंत यांच्याबद्दल बोलतात, मालकांबद्दल, जमिनींबद्दल, न मिळालेल्या घरांबद्दल. गिरण्यांबरोबर माणसाला काम शिकवण्याची एक पद्धतही गेली, तिची आठवण कुणी काढत नाही. मला तिची उणीव यंदा फार जाणवली. माझी पुतणी लोअर परळला, गिरणीच्याच जागेवर उभ्या राहिलेल्या एका टॉवरमध्ये नोकरीला लागली आणि तिचं ‘ट्रेनिंग’ मी घरात बसून पाहिलं.

रात्री जेवणं उरकली की ती फोन घेऊन बसायची. पाच-पाच मिनिटांचे व्हिडिओ, प्रत्येकाखाली चार प्रश्न, उत्तरं बरोबर आली की हिरवी खूण. दिवसभर कामाचा रेटा, तेव्हा शिकायला सवड नाही. म्हणून शिकायचं घरी, झोपेच्या वेळेतून. एका रात्री ती म्हणाली, “काका, गिऱ्हाईक चिडलं तर काय बोलायचं ते सगळं यात आहे. पण मीच चुकले तर विचारायचं कुणाला, ते कुठेच नाही.” हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

गिरण्यांचा सगळा इतिहास इथे सांगत नाही. १८५४ साली कावसजी दावरांनी ताडदेवला पहिली गिरणी काढायला घेतली, १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि तिथून शिकलेली माणसं गिरण्यांत मास्तर म्हणून आली. कामगारासाठी असं काही नव्हतं. त्याची शाळा साच्याशेजारी, म्हणजे मागाशेजारी भरायची. मी तिथे शिकलो ते सत्तरच्या दशकात.

बदली कामगार पहाटे गिरणीच्या दारात उभा राहायचा. कुणाचा खाडा असला तर काम, नाही तर परत खोलीवर. काम मिळालं की ज्याच्याजवळ उभं केलं जाईल, तो तुमचा गुरू. मला माझ्या मामाजवळ उभं केलं. साचेखात्यात आवाज असा की कानाशी ओरडलं तरी ऐकू यायचं नाही. सगळी शिकवण हातवाऱ्यांनी आणि ओठांच्या हालचालींवरून. मामाने पहिल्यांदा काय दाखवलं? कुठे उभं राहायचं नाही ते. बाण्याचा आडवा धागा वाहून नेणारा धोटा कधी कधी उडतो, आणि उडालेला धोटा माणसाचा डोळा घेऊन जातो. त्यानंतर गाठ. ताण्याचा धागा तुटला की तो बारीक गाठीने जोडायचा. गाठ जाड झाली तर ती फणीत अडकते आणि शेजारचे चांगले धागेही तोडते. मामाने माझी बोटं आपल्या बोटांत धरून ती गाठ मारायला लावली, पुन्हा पुन्हा, बोटं आपोआप वळेपर्यंत. मग त्याने आवाज ओळखायला शिकवला. त्या गदारोळातही आपल्या साच्याचा ठेका बदलला की विणकराची मान वळते. हे कुठल्या कागदावर लिहून देता येईल?

त्या शाळेत काळंबेरंही होतं, ते झाकून ठेवणार नाही. नातलग आणि गाववाले शिकवायचे, म्हणून ज्याचं खात्यात कुणी नाही त्याला शिकायचीच सोय नव्हती. दलित कामगारांना तर विणकाम खात्याची दारं बंद होती. बाण्याचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि विटाळाच्या नावाखाली चांगल्या पगाराचं ते काम त्यांच्यापासून तोडलं गेलं. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न रोखठोक मांडला होता. शिवाय आमच्या खात्यातला जॉबर, म्हणजे मुकादम, बदलीवाल्यांकडून पैसे घ्यायचा. जो देणार नाही त्याला नादुरुस्त साचे. त्या माणसाबद्दलचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आणखी एक हिशेब मला फार उशिरा कळला. विणकराला मजुरी कापडावर मिळायची. मामा माझी बोटं धरून उभा असायचा तेव्हा त्याचं कापड कमी निघायचं, म्हणजे माझ्या शिक्षणाची फी तो आपल्या पगारातून भरत होता. कंपनीने एक पैसाही घातला नाही. आज माझ्या पुतणीची फी ती स्वतः भरते, झोपेतून. कंपनीने शिकवण्याचा खर्च तेव्हाही टाळला आणि आजही टाळते. फरक एवढाच पडला की मध्ये उभा असलेला मामा गेला.

संपानंतर आम्हाला सुनावलं गेलं की हे कामगार जुनाट, यांना नवी यंत्रं शिकता येणार नाहीत. हे धादांत खोटं होतं. माझ्या खात्यातलेच कितीतरी जण भिवंडीला गेले आणि मिळतील त्या मागांवर कापड काढून पोट भरू लागले. आम्हाला शिकवायला कुणी आलंच नाही, आणि दोष मात्र आमच्या डोक्यांवर आला.

कामाच्या घाईत शिकवणं जमत नाही, असं म्हणतात. पण दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतले अनुभवी कामगार सैन्यात गेले, तेव्हा तिथे ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाची योजना निघाली. कारखान्यातल्या मुकादमालाच शिकवण्याचं शिक्षण द्यायचं: नवख्याची भीती घालव, काम करून दाखव, त्याच्याकडून करवून घे, आणि नंतरही त्याच्याकडे फेरी मार. पुढे जपानमध्ये टोयोटाने ही रीत उचलली. म्हणजे कामाची घाई ही सबब होऊच शकत नाही. युद्धाइतकी घाई आणखी कुठे असते? माझा मामा हेच करत होता. फक्त त्याला कुणी त्याचा मोबदला दिला नाही.

हे सगळं ऑफिसातल्या सोयीगैरसोयीपुरतं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. २८-२९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री साडेबाराच्या सुमारास लोअर परळच्या कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या रेस्टॉरंटना आग लागली. १४ माणसं गेली. त्यांतली बरीचशी स्वच्छतागृहात गुदमरली, बाहेर पडायची वाट न सापडून. अशा वेळी वाट दाखवणारा माणूस म्हणजे तिथे काम करणारा मुलगा किंवा मुलगी. त्यांना कुणी हाताला धरून त्या वाटेवरून एकदा तरी चालवलेलं असावं लागतं. फोनवरच्या हिरव्या खुणेचा तिथे उपयोग नाही.

परळ, लालबाग, लोअर परळच्या टॉवरांत माणसं नेमणाऱ्या अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे. शिकवायचं ते पाळीच्या वेळेत, पगारी वेळेत शिकवा. प्रत्येक नवख्याजवळ एक जुना माणूस उभा करा, त्या दिवसांत त्याचं टार्गेट कमी करा आणि शिकवण्याचे त्याला वेगळे पैसे द्या. तो माणूस निवडणं कामगाराच्या नात्यागोत्यावर सोडू नका, तुम्ही नेमा. आणि ज्यांची मुलं आज अशा नोकरीला लागत आहेत त्या आईबापांनी पहिल्याच आठवड्यात त्यांना विचारावं: तुझं चुकलं तर तू कुणाला विचारतोस?