वाइन : यूरोपीय प्रदेश, परिभाषा व द्राक्षमळ्यांचे वर्गीकरण

ताज्या द्राक्षांच्या रसाचे किण्वन (आंबण्याची क्रिया) होऊन तयार होणारे मद्य म्हणजे वाइन. ऊर्ध्वपातनाने मिळणाऱ्या ब्रँडीसारख्या मद्यांहून ती वेगळी असून तिच्यातील अल्कोहॉलाचे प्रमाण बहुधा ९ ते १५ टक्के असते. आयुर्वेदातील द्राक्षासव हे औषधी आसव असल्याने त्याचा विचार येथे केलेला नाही.

यूरोपात वाइनच्या बाटलीवरील चिठ्ठीवर द्राक्षाच्या जातीपेक्षा गावाचे, टेकडीचे किंवा मळ्याचे नाव अधिक ठळक असते. ‘शाब्ली’ हे फ्रान्समधील एक गाव आहे. तेथील वाइन शार्दोने जातीची असते, हे वाचकाला ठाऊक आहे असे गृहीत धरलेले असते. इटलीतील ‘बारोलो’ या गावाच्या नावामागे नेबिओलो ही जात अशीच अध्याहृत असते. अशा स्थलनामांना जोडून येणारे दर्जादर्शक शब्द कायद्याने ठरविलेले आहेत. हे शब्द वरवर सारखे वाटले, तरी निरनिराळ्या देशांत ते निरनिराळी गोष्ट मोजतात : कोठे जमीन, कोठे मालाला पूर्वी मिळालेला भाव, कोठे द्राक्षाची पक्वता, तर कोठे साठवणीचा काळ. ‘उत्तम’ या अर्थाचा शब्द चिठ्ठीवर दिसल्यास तो कोणत्या मापाने उत्तम, हे प्रथम पाहावे लागते.

जमीन व हवामान : माधवनगर ओलांडून सांगलीहून तासगावकडे जाऊ लागले की, द्राक्षबागांचा प्रदेश लागतो. मुरमाड, निचऱ्याच्या जमिनीतील घड आणि भारी काळ्या जमिनीतील घड यांत गोडी, आकार व टिकाऊपणा या बाबतींत फरक पडतो, हे तेथील बागाईतदार अनुभवाने जाणतो. हाच अनुभव यूरोपीय वर्गीकरणाचे बीज होय. माती, तिचा निचरा, उताराची दिशा, उंची, पाऊस, ऊन आणि पिढ्यान्‌पिढ्यांची लागवडीची रीत यांच्या एकत्रित परिणामाला फ्रेंच भाषेत ‘तेर्वार’ म्हणतात. बॉर्दोनजीकच्या मेदोक भागातील खडेगोटे, बर्गंडीतील पूर्वाभिमुख उतारावरील चुनखडी, शँपेनमधील खडू, मोझेल नदीकाठचा पाटीचा दगड व पोर्तुगालमधील दोरू खोऱ्यातील शिस्ट खडक ही त्याची प्रसिद्ध उदाहरणे आहेत.

यूरोपातील बहुतेक मळे ३५° ते ५१° उ. अक्षांशांदरम्यान आहेत. तेथे हिवाळ्यात वेल पूर्ण सुप्तावस्थेत जाते, छाटणी वर्षातून एकदा होते आणि काढणी मुख्यतः सप्टेंबर–ऑक्टोबरमध्ये येते. थंड वर्षी द्राक्षे पुरेशी पिकत नाहीत, म्हणून हंगामाचे साल चिठ्ठीवर महत्त्वाचे ठरते. सांगली परिसर सु. १७° उ. अक्षांशावर असल्याने तेथे वेलीला थंडीची विश्रांती मिळत नाही. म्हणून एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी व सप्टेंबर–ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी अशा दोन छाटण्या करून वर्षातून एकच पीक घेतात. काढणी जानेवारी ते एप्रिल या काळात होते. यूरोपात कमी ऊन ही चिंता, तर येथे अवकाळी पाऊस आणि काढणीच्या वेळचा उन्हाळा या चिंता असतात.

स्थलनामांच्या संरक्षणाचा इतिहास : नावाजलेल्या प्रदेशाच्या सीमा आखून देण्याची प्रथा जुनी आहे. तस्कनीच्या ग्रँड ड्यूकने १७१६ मध्ये क्यांतीसह चार प्रदेशांच्या सीमा जाहीर केल्या; हंगेरीतील तोकाईचे क्षेत्र १७३७ मध्ये, तर पोर्टचे दोरू खोरे पोंबालच्या कारकीर्दीत १७५६ मध्ये निश्चित झाले. तथापि आधुनिक कायद्याला खरी चालना फ्रान्समधील एका आपत्तीमुळे मिळाली. १८६० नंतरच्या दशकांत अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा या मुळांवरील किडीने तेथील बहुसंख्य मळे नष्ट केले. अमेरिकन वेलींच्या खुंटावर यूरोपीय जातींचे कलम बांधणे हाच अखेर उपाय ठरला. महाराष्ट्रातही आज द्राक्षे खुंटावर लावतात, परंतु त्याचे मुख्य कारण कीड हे नसून क्षारयुक्त जमीन व पाण्याचा ताण हे आहे.

मळे बसल्यामुळे वाइनचा तुटवडा पडला आणि भेसळ बोकाळली. आयात केलेल्या सुक्या द्राक्षांत पाणी व साखर घालून वाइन बनविणारे कारखाने निघाले. ती रोखण्यासाठी १८८९ च्या फ्रेंच कायद्याने ताज्या द्राक्षांपासून किंवा त्यांच्या रसापासून किण्वनाने झालेले पेय तेवढेच वाइन, अशी व्याख्या केली. या व्याख्येतील ‘ताज्या’ हा शब्द अशा रीतीने बेदाण्याच्या विरोधात आलेला आहे. पुढे मळे सावरले, पण भाव कोसळले. १९०७ मध्ये दक्षिण फ्रान्समधील द्राक्ष-उत्पादकांनी मोठे आंदोलन केले व नार्बॉन येथे सैन्याच्या गोळीबारात माणसे मारली गेली. १९०८ मध्ये आखलेल्या शँपेनच्या सीमेतून ओब हा जिल्हा वगळला गेला. बाहेरची द्राक्षे आणून शँपेनच्या नावाने खपविणाऱ्यांवर मार्न जिल्ह्यातील शेतकरी संतप्त होते, तर नाव हिरावले गेल्याने ओबचे शेतकरी. त्यातून १९११ मध्ये दंगली उसळल्या. ओबचा समावेश १९२७ च्या कायद्याने कायम झाला. सीमेच्या आत की बाहेर, यावर शेतकऱ्याच्या मालाचा भाव अवलंबून होता. या अनुभवांतून १९३५ मध्ये ‘नियंत्रित मूलनाम’ पद्धती स्थापन झाली. तीत प्रदेशाच्या सीमेबरोबर द्राक्षाच्या जाती, हेक्टरी उत्पादनाची कमाल मर्यादा, छाटणीची रीत व अल्कोहॉलाचे किमान प्रमाणही ठरविले जाते. यूरोपीय संघाने २००८ च्या सुधारणेद्वारे सर्व देशांच्या पद्धती दोन वर्गांत बसविल्या : संरक्षित मूलनाम आणि संरक्षित भौगोलिक निर्देश. पहिल्यात सर्व द्राक्षे त्याच क्षेत्रातील असावी लागतात; दुसऱ्यात किमान ८५ टक्के.

फ्रान्स : ‘क्रू’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘वाढलेले’ असा असून तो विशिष्ट जमिनीला वा मळ्याला उद्देशून वापरतात. बॉर्दो व बर्गंडी या दोन प्रदेशांत मात्र तो अगदी वेगळ्या गोष्टीला लागतो.

बॉर्दोत काबर्ने सोव्हिन्यॉ, मेर्लो इ. जातींचे मिश्रण करतात. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी तेथील दलालांनी मेदोकमधील तांबड्या वाइनचे व सोतेर्न–बार्साक भागातील गोड पांढऱ्या वाइनचे वर्गीकरण केले. त्याचा आधार अनेक वर्षे मिळत आलेला बाजारभाव हा होता. तांबड्या वाइनचे पाच वर्ग झाले. पहिल्यात लाफीत, लातूर, मार्गो व मेदोकबाहेरील ओ-ब्रियाँ हे चार मळे होते. (यांतील लातूरचा मराठवाड्यातील लातूरशी संबंध नाही.) या यादीतील सर्वांत उल्लेखनीय बदल १९७३ मध्ये झाला, त्या वर्षी मूताँ या मळ्याला दुसऱ्या वर्गातून पहिल्यात बढती मिळाली. येथे दर्जा ‘शातो’ला, म्हणजे मालकीच्या मळ्याला व त्याच्या नावाला, असतो, त्या मळ्याने त्याच मूलनामाच्या क्षेत्रात शेजारची जमीन विकत घेतली, तरी दर्जा टिकतो. सेंतेमिल्यों येथील १९५५ पासूनची यादी मात्र सु. दहा वर्षांनी तपासली जाते आणि त्यामुळे न्यायालयीन वादही झाले आहेत.

बर्गंडीत दर्जा जमिनीच्या तुकड्यालाच चिकटलेला असतो. तेथील तांबडी वाइन पीनो न्वार व पांढरी शार्दोने या एकेका जातीची असते. मध्ययुगात सिस्टर्शियन भिक्षूंनी एकेका उताराचे गुण पाहून मळ्यांच्या सीमा ठरविल्या. प्रादेशिक, ग्रामनामाचा, ‘प्रमिये क्रू’ व ‘ग्रां क्रू’ अशा चढत्या पायऱ्या आहेत. फ्रेंच राज्यक्रांतीत चर्चच्या जमिनी विकल्या गेल्या व पुढे समान वारसाहक्काने त्यांच्या वाटण्या होत गेल्या. आज क्लो द व्हूजो या सु. ५० हेक्टरांच्या एकाच मळ्याचे ८० च्या आसपास मालक आहेत. भावाभावांतील वाटण्यांनी शेताचे तुकडे पडतात, हे आपल्याकडील वाचकाला सांगावयास नको. फरक एवढाच की, तेथे तुकडा कितीही लहान झाला, तरी मळ्याचे नाव व दर्जा त्याच्याबरोबर जातो. म्हणून बर्गंडीत जमिनीइतकेच उत्पादकाचे नावही पाहावे लागते. तेथील ‘क्लिमा’ म्हणजे नामांकित भूखंड २०१५ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले.

इटली, स्पेन व पोर्तुगाल : इटलीत १९६३ च्या कायद्याने ‘नियंत्रित मूलनाम’ हा वर्ग आला, त्यावरील ‘नियंत्रित व हमीयुक्त मूलनाम’ हा वर्ग १९८० पासून प्रत्यक्षात दिला जाऊ लागला. ‘क्लासिको’ म्हणजे प्रदेशाचा मूळ, ऐतिहासिक गाभा. ‘रिझेर्व्हा’ म्हणजे अधिक काळ मुरविलेली वाइन. कायदा व गुणवत्ता यांची फारकतही येथेच प्रथम ठळक झाली. क्यांतीच्या तत्कालीन नियमांत पांढऱ्या द्राक्षांचे मिश्रण आवश्यक होते. ते न पाळणाऱ्या काही तस्कन उत्पादकांनी १९७० च्या दशकात आपली महागडी वाइन साध्या ‘मेजावरील वाइन’ या नावाने विकली. अशा वाइनसाठी १९९२ मध्ये स्वतंत्र प्रादेशिक वर्ग करावा लागला.

स्पेनमधील रिओखा प्रदेशात पारंपरिक माप काळाचे आहे. तेथील तांबड्या वाइनपैकी ‘क्रियांसा’ दोन वर्षे, ‘रेसेर्व्हा’ तीन वर्षे व ‘ग्रान रेसेर्व्हा’ पाच वर्षे मुरविलेली असते; पहिल्या दोहोंत किमान एक वर्ष व तिसरीत किमान दोन वर्षे ती ओकच्या पिंपात असावी लागते. पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यात माती, उंची, उतार, वेलींचे वय इ. बाबींवर मळ्याला गुण देऊन त्याचा वर्ग ठरवितात.

जर्मनी : उत्तरेकडील या देशात द्राक्ष पिकणे हीच कसोटी असल्याने १९७१ च्या कायद्याने रसातील साखरेवर वर्ग बसविले. एक लिटर रस एक लिटर पाण्यापेक्षा जितके ग्रॅम जड, तितके त्याचे अंश मानतात. काबिनेट, श्पेटलेझ (उशिरा काढलेली), आउस्लेझ (निवडक घडांची), बेरेन-आउस्लेझ (निवडक मण्यांची) व ट्रोकेन-बेरेन-आउस्लेझ (वेलीवरच सुकलेल्या मण्यांची) अशा चढत्या पायऱ्या असून शेवटच्या पायरीस सु. १५० अंश लागतात. हे माप रसातील साखरेचे आहे, तयार वाइनमधील गोडीचे नव्हे; सर्व साखर आंबू दिल्यास श्पेटलेझही ‘ट्रोकेन’ म्हणजे अगोड असू शकते. २०२१ च्या सुधारणेने जर्मनीही बर्गंडीप्रमाणे स्थळावर आधारलेल्या पायऱ्यांकडे वळला आहे.

चिठ्ठीवरील इतर शब्द : ‘मिलेझीम’ म्हणजे काढणीचे साल. फसफसणाऱ्या वाइनमध्ये ‘ब्र्यूत’ म्हणजे लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर. ‘सेक’ या शब्दाचा अर्थ ‘कोरडी’ असा असला, तरी अशा शँपेनमध्ये १७ ते ३२ ग्रॅम साखर असते. ‘शातोवर बाटलीबंद’ याचा अर्थ द्राक्षे, वाइन व बाटली एकाच मळ्याची. ‘जुन्या वेली’ या फ्रेंच शब्दप्रयोगाला वयाची कायदेशीर मर्यादा नाही, आणि फ्रेंच चिठ्ठीवरील ‘रेझेर्व्ह’ला रिओखातील अर्थ बहुधा नसतो.

महाराष्ट्र : पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे १९८० च्या दशकात फ्रेंच तंत्राने फसफसणारी वाइन होऊ लागली, १९९० च्या दशकाच्या अखेरीस नाशिक परिसरात वाइनच्या द्राक्षांची लागवड सुरू झाली. राज्य शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले आणि नाशिक जिल्ह्यात विंचूर व सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन उद्यानांची योजना झाली. २००८-०९ च्या मंदीनंतर मागणी घटली. करारावर वाइनच्या जाती लावलेल्या अनेक शेतकऱ्यांना खरेदीदार उरला नाही व त्यांनी त्या वेली काढून टाकल्या. काबर्ने किंवा शिराझचे बारीक मण्यांचे घड खाण्याच्या बाजारात चालत नाहीत, त्यामुळे कारखान्याने पाठ फिरविली की, शेतकऱ्यापुढे दुसरा मार्ग राहत नाही. याउलट तासगाव परिसरातील थॉमसन सीडलेस व तिच्यातून निवडलेली तास-ए-गणेश ही द्राक्षे बाजारात भाव नसेल, तर बेदाण्यासाठी वळविता येतात.

भारतात भौगोलिक निर्देशांचा १९९९ चा कायदा २००३ पासून अंमलात आहे. त्याखाली ‘नाशिक व्हॅली वाइन’ या नावाची २०१० च्या सुमारास, तर सांगलीच्या बेदाण्याची २०१६ मध्ये नोंद झाली. म्हणजे सांगलीच्या द्राक्षभूमीला नाव मिळाले, ते वाइनसाठी नव्हे, तर बेदाण्यासाठी. एकेकाळी फ्रान्सने वाइनच्या व्याख्येतून ज्याला वगळले, तोच पदार्थ येथे प्रदेशाची ओळख ठरला आहे. नाशिकच्या नावातही अद्याप बर्गंडीसारख्या गाव व मळा अशा पायऱ्या नाहीत. त्या शासकीय आज्ञेने एकाएकी निर्माण होत नाहीत. कोणत्या उतारावरचा माल वर्षानुवर्षे सरस ठरतो, याच्या दीर्घ नोंदी आणि त्या नावाचा लाभ पिकविणाऱ्याच्या पदरात पडेल अशी व्यवस्था, या दोहोंची त्यासाठी गरज असते. यूरोपातील वर्गीकरणांचा इतिहास हेच दाखवितो की, स्थलनामाला किंमत येते ती जमिनीमुळे, परंतु ती टिकते उत्पादकांच्या संघटित दक्षतेमुळे.