टिकल्यांचे पिस्तूल आणि नेमाची शिस्त

दिवाळी जवळ आली की चिंचपोकळी स्थानकाच्या पुलापासून लालबागच्या बाजारापर्यंत टिकल्यांच्या पिस्तुलांची फट्‌फट् ऐकू येऊ लागते. पत्र्याचे ते पिस्तूल, लाल टिकल्यांची गुंडाळी आणि दारूचा तो किंचित जळका वास यांवाचून गिरणगावातील कोणाचेही बालपण पुरे होत नसे. ते खेळणे भाऊबीजेपर्यंत टिकले तरी पुष्कळ, आणि ते खरे वाटावे अशी कोणाची अपेक्षाही नसे. अलीकडे मात्र त्याच्या शेजारी दुसरेच एक खेळणे मांडलेले दिसते. लांबट नळी, जाळीदार पोलादाचा भास निर्माण करणारा सांगाडा, वर लाल ठिपका दाखविणारी दुर्बीण, खाली मुठीबाहेर डोकावणारे मॅगझीन. सारे प्लॅस्टिकचे, परंतु चार हातांवरून पाहणाऱ्यास ते खेळणे आहे हे सांगावे लागेल इतके हुबेहूब. मुलांना त्याचे नाव ठाऊक नसते, पण ते कोणत्या चित्रपटातील आहे हे ती तात्काळ सांगतात.

या खेळण्याची वंशावळ पाहण्याजोगी आहे, कारण तिच्यात एक मोठा विरोधाभास दडलेला आहे. ज्या शस्त्राची ही नक्कल आहे ते मुळात युद्धासाठी किंवा गुन्ह्यासाठी घडविलेले नाही. ते स्पर्धेसाठी घडले. स्पर्धेच्या मैदानावरून ते पडद्यावर गेले आणि पडद्यावरून बाजारात उतरले. या प्रवासात शस्त्राचा आकार तेवढा शिल्लक राहिला. त्याच्यासोबत असलेली शिस्त वाटेतच गळून पडली.

मैदानातून पडद्यावर

अर्धस्वयंचलित पिस्तुलाचे तत्त्व साधे आहे. चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. तिच्या धक्क्याने वरचा सरकता भाग मागे जातो, रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते आणि परत येताना तोच भाग मॅगझीनमधील पुढचे काडतूस नळीत भरतो. दुसऱ्या गोळीसाठी चाप पुन्हा ओढावा लागतो. नेमबाजाचा निर्णय प्रत्येक गोळीला नव्याने व्हावा लागतो. हे यंत्र वेगाने आणि अचूक वापरण्याची कसोटी लावणारा एक क्रीडाप्रकार १९७६ साली अमेरिकेतील मिसूरी राज्यात संघटित झाला. जेफ कूपर हे त्याच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचे पहिले अध्यक्ष. अचूकता, शक्ती आणि वेग ही या महासंघाची त्रिसूत्री. नेमबाज एका जागेवरून दुसरीकडे धावत पुठ्ठ्याच्या व पोलादी लक्ष्यांवर गोळ्या झाडतो आणि मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागून त्याची योग्यता ठरते. या भागाकारासाठीच हलका चाप, धक्का कमी करणारी नळी आणि लाल ठिपक्याची दुर्बीण असलेली पिस्तुले कारागिरांनी घडविली.

२०१४ साली सुरू झालेल्या 'जॉन विक' या चित्रपटमालिकेने हेच शस्त्र पडद्यावर आणले. नायक किआनू रीव्हज याने कॅलिफोर्नियातील स्पर्धक-कारागीर टॅरन बटलर याच्या मैदानावर सराव केला आणि २०१९ व २०२३ सालच्या भागांत त्याच्याच कार्यशाळेतील पिस्तुले नायकाच्या हाती दिसली. प्रेक्षक भारावले. पण त्या मैदानावरचा पहिला नियम पडद्यावर कोठे दिसला? स्पर्धेत चालताना बोट चापाजवळ गेले तर स्पर्धक बाद होतो. पिस्तूल हातून निसटले तर तो त्या क्षणी घरी जातो. चित्रपटातील नायकाचे बोट सदैव चापावर असते आणि त्याला बाद करणारा पंच तेथे कोणी नसतो. वास्तव मात्र हा हिशेब चुकवीत नाही. १९९३ साली ब्रँडन ली आणि २०२१ साली छायालेखिका हलिना हचिन्स यांचे बळी चित्रीकरणासाठी आणलेल्या बंदुकांनीच घेतले.

भारतात तर प्रश्न आणखी वेगळा आहे. या चित्रपटातील पिस्तुलांचा नऊ मिलिमीटर हा व्यास आपल्या शस्त्र कायद्यान्वये निषिद्ध गटात मोडतो. सामान्य नागरिकाला त्याचा परवाना मिळत नाही. म्हणजे चिंचपोकळीच्या चाळीतील मुलाला असे पिस्तूल तीनच ठिकाणी भेटू शकते: खेळण्यांच्या दुकानात, पडद्यावर किंवा गुन्हेगाराच्या कमरेला. यांपैकी तिसरी शक्यता ही केवळ कल्पना नाही, हे गिरणगावाइतके कोणाला ठाऊक असणार?

गिरणगावाचा 'घोडा'

५ जून १९७० रोजी लालबागमध्ये कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांची हत्या झाली ती धारदार शस्त्रांनी. त्या काळी कामगार वस्तीतील हाणामारीची हत्यारे म्हणजे चाकू, तलवारी आणि सोडावॉटरच्या बाटल्या. पुढच्या पंचवीस वर्षांत हे चित्र पालटले. ११ जानेवारी १९८२ रोजी वडाळ्यात पोलिसांच्या गोळ्यांनी मन्या सुर्वे ठार झाला. त्यानंतर बरोबर एका आठवड्याने, १८ जानेवारीला, सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. या दोन घटनांचा परस्परांशी कार्यकारणसंबंध नाही. परंतु मागे वळून पाहता एका युगाची अखेर आणि दुसऱ्याचा प्रारंभ त्या एका आठवड्यात सामावलेला दिसतो. भोंगे थांबले, पगाराचा दिवस गेला आणि घरातील कर्त्या पुरुषाबरोबर त्याच्या शब्दाचे वजनही गेले. मुंबईच्या बोलीत पिस्तुलाला 'घोडा' हा शब्द रुळला. मे १९९४ मध्ये खटाव गिरणीचे मालक सुनीत खटाव यांच्यावर भर रस्त्यात गोळ्या झाडल्या गेल्या. १६ जानेवारी १९९७ रोजी संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत यांचा देह पवईत गोळ्यांनी चाळण झाला. मालक आणि कामगार नेता दोघांचाही शेवट एकाच यंत्राने व्हावा, यापेक्षा त्या काळाचे विदारक भाष्य दुसरे कोणते?

चित्रपटसृष्टीने हे सारे टिपले. १९९९ चा 'वास्तव' आणि २०१३ चा 'शूटआऊट अ‍ॅट वडाला' यांनी या वस्तीतील तरुणांची कथा सांगितली. त्यांचा शेवट मरणातच होतो, बोध चुकीचा नाही. पण मुलाच्या स्मरणात शेवट राहात नाही. राहते ती चाल, तो चष्मा आणि ते कमरेचे पिस्तूल.

आणि पडदा व वास्तव यांच्यातील भिंत किती पातळ आहे हे पाहण्यास चिंचपोकळीकरांना दूर जावे लागत नाही. आर्थर रोडला आता साने गुरुजींचे नाव आहे. मुलांना जगाला प्रेम अर्पावयास शिकविणाऱ्या त्या शिक्षकाच्या नावाच्या रस्त्यावर मुंबईचे मध्यवर्ती कारागृह उभे आहे, आणि त्याच्याच आवारात १९९३ च्या बॉम्बस्फोटांचा खटला चालला. दहशतवादाच्या आरोपातून मुक्त झालेला, परंतु नऊ मिलिमीटरचे पिस्तूल आणि एके-५६ रायफल बेकायदा बाळगल्याबद्दल शस्त्र कायद्याखाली दोषी ठरलेला अभिनेता संजय दत्त हाच 'वास्तव'चा नायक होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली त्याला पाच वर्षांची शिक्षा सांगितली. ती भोगून तो २०१६ साली बाहेर आला. पडद्यावरील पिस्तुलाला परवाना लागत नाही, घरातील पिस्तुलाला लागतो, हा धडा त्याला महागात पडला. तो धडा खेळण्याच्या खोक्यावर छापलेला नसतो.

एकच महाविद्यालय, दोन वाटा

परंतु पिस्तुलाची आणखी एक कथा मराठी माणसाने लिहिली आहे, आणि तिची चर्चा मानाने फार कमी होते. मन्या सुर्वे हा दादरच्या कीर्ती महाविद्यालयाचा पदवीधर. त्याच महाविद्यालयात पुढे अंजली वेदपाठक नावाची विद्यार्थिनी आली, ती मुख्यतः तेथील एनसीसीच्या ओढीने. महाराष्ट्र रायफल असोसिएशनमध्ये तिने बंदूक हाती धरली आणि पुढे अंजली भागवत या नावाने ओळखली गेलेली ही नेमबाज सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचली. २००२ साली जागतिक क्रमवारीत ती अव्वल ठरली. तिचे शस्त्र एअर रायफल होते, पिस्तूल नव्हे. तरीही एकाच महाविद्यालयाच्या दारातून निघालेल्या या दोन वाटा पाहिल्या की शस्त्र माणसाला बिघडविते किंवा घडविते हे दोन्ही सिद्धांत अपुरे वाटतात. शस्त्र हाती येण्यापूर्वी कोणाचा हात खांद्यावर पडला, यावर पुष्कळ काही ठरते.

देशातील राष्ट्रीय रायफल संघटनेचे १९५१ सालचे संस्थापक अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर हे गांधीजींच्या लढ्यात तुरुंगवास भोगलेले, लोकसभेचे पहिले सभापती. अहिंसेच्या मार्गाने आलेल्या या गृहस्थांना नेमबाजीत हिंसा दिसली नाही, मनोनिग्रह दिसला. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही राष्ट्रीय स्पर्धेची पायरी मानली जाते.

आणि वेगाचेच आकर्षण असेल तर या खेळात तोही आहे. पुरुषांच्या पंचवीस मीटर रॅपिड फायर प्रकारात पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या आधी आठ, मग सहा आणि शेवटी अवघ्या चार सेकंदांत झाडावयाच्या असतात. याच प्रकारात विजय कुमार याने २०१२ साली लंडनमध्ये रौप्यपदक मिळविले. हंगेरीच्या कारोली ताकाच याचा उजवा हात १९३८ साली हातबॉम्बने निकामी झाला. त्याने डाव्या हाताने सराव करून १९४८ आणि १९५२ अशी दोन सुवर्णपदके जिंकली. कोणत्या पटकथाकाराला हे सुचले असते? महिलांच्या पंचवीस मीटर प्रकारात हात खाली ठेवून उभे राहावयाचे, लक्ष्य तीन सेकंद खुले होताच तो उचलून एक गोळी झाडावयाची, मग सात सेकंद थांबावयाचे. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१३ साली चांगवॉन येथे विश्वचषकाचे आणि २०१८ साली पालेमबांग येथे आशियाई स्पर्धेचे सुवर्णपदक याच प्रकारात मिळविले. पालेमबांगमधील तो निकाल बरोबरीनंतरच्या जादा फेऱ्यांत लागला.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये दक्षिण कोरियाच्या किम येजी हिच्या थंड मुद्रेवर सारे जग भाळले. हिला चित्रपटात घ्या, असा एकच गजर झाला. दहा मीटर एअर पिस्तुलात तिने रौप्यपदक मिळविलेही. परंतु काही दिवसांनी पंचवीस मीटर प्रकारात तिची एक गोळी तीन सेकंदांच्या मर्यादेनंतर सुटली. तिला त्या गोळीसाठी शून्य गुण मिळाले आणि ती पात्रता फेरीतच बाद झाली. चित्रपटात नायिकेसाठी घड्याळ थांबते, मैदानावर ते कोणासाठीही थांबत नाही. खऱ्या नेमबाजीचे सारे सौंदर्य या एका शून्यात आहे.

दहा मीटरांची खोली

मग हे सौंदर्य चिंचपोकळीच्या मुलापर्यंत का पोचत नाही? त्याचे एक उत्तर पैशात आहे. स्पर्धेच्या दर्जाचे परदेशी एअर पिस्तूल लाखाहून अधिक किमतीचे असते, आणि छऱ्यांचा व प्रशिक्षणाचा खर्च वेगळाच. दुसरे उत्तर जागेत आहे. १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींचा एक तृतीयांश भाग सार्वजनिक मोकळ्या जागांसाठी राखला होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर शिक्कामोर्तब केले. जेथे मैदाने व्हावयाची तेथे मनोरे उभे राहिले.

तथापि या खेळाला मैदान लागतेच असे नाही. दहा मीटर एअर पिस्तुलासाठी एक लांबट, बंदिस्त खोली पुरते. लक्ष्याचे मधले वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचे, म्हणजे सदऱ्याच्या गुंडीएवढे; गोळी साडेचार मिलिमीटरची; साठ गोळ्या आणि पंचाहत्तर मिनिटे. विद्यार्थी घटल्याने महापालिका शाळांच्या ज्या खोल्या रिकाम्या पडतात, त्यांतील एकदोन या कामी आल्या आणि तेथे चार पिस्तुले सामाईक ठेवली, तर गिरणगावात अशी शाळा उभी राहणे अशक्य नाही. व्यायामशाळा आणि कबड्डीची मंडळे लोकवर्गणीवर चालविलेल्या या वस्तीला सामाईक साधनांची रीत कोणी शिकवावयास नको. लाखोंची आरास उभारणाऱ्या उत्सव मंडळांना चार पिस्तुलांचा भार जड नाही.

यावर आक्षेप येईल, आणि तो गंभीरपणे घ्यावयास हवा. ज्या वस्तीने गोळ्यांची किंमत मोजली, तेथील मुलांच्या हाती पुन्हा पिस्तूल द्यावयाचे काय? याचे उत्तर असे की एअर पिस्तुलात दारू नसते, स्पर्धेच्या प्रतीचे हे साधन परवान्याच्या कक्षेबाहेर आहे, आणि ते घरी नव्हे तर कुलूपबंद कपाटात राहावयाचे असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे नेमबाजीचा पहिला धडा गोळी झाडण्याचा नसतो. पिस्तूल रिकामे आहे हे दाखविण्याचा आणि बोट चापापासून दूर ठेवण्याचा असतो. ज्याने महिनाभर हा धडा गिरविला त्याला चित्रपटातील नायकाचे ढिसाळपण आपोआप दिसू लागते. मोहावर बंदीपेक्षा ज्ञानाचा उतारा अधिक गुणकारी ठरतो, हा शिक्षकांचा नित्याचा अनुभव आहे.

अर्थात या उपायाची मर्यादाही ओळखली पाहिजे. १९८२ नंतर येथील काही तरुण वाममार्गाला लागले ते नेमबाजीची सोय नव्हती म्हणून नव्हे; घरात पगार नव्हता म्हणून. खेळ हा रोजगाराला पर्याय नाही आणि एका खोलीने इतिहास पुसला जात नाही. पण ज्या वयात मुलाच्या मनात पराक्रमाची प्रतिमा घडते त्या वयात त्याच्यासमोर एकच प्रतिमा असावी की दोन, हे ठरविणे समाजाच्या हाती निश्चितच आहे.

दिवाळीत टिकल्या फुटत राहतील आणि प्लॅस्टिकची पिस्तुलेही विकली जातील. त्यांवर बंदी घालून काही साधणार नाही. मात्र साने गुरुजी मार्गावरून जाताना मुलाने हातातील खेळणे उगारले, तर एका बाजूला कारागृहाची भिंत असते. दुसऱ्या बाजूला दहा मीटरांची एक उजेडाची खोली असावी, एवढी सोय मोठ्यांनी करावयास हवी.