जलाशयाकाठचा विवाह आणि प्रकाशाचा हिशेब

आपल्या व्यापारी घरांतील मुलामुलींच्या बोलण्यात अलीकडे एक नवा शब्द येऊ लागला आहे, 'इलोपमेंट वेडिंग'. ज्येष्ठांच्या कानाला तो खटकतो, कारण शब्दकोशात त्याचा अर्थ 'पळून जाऊन केलेले लग्न' असा आहे. मुलांना मात्र तसे काही अभिप्रेत नसते. दोन्ही घरची मोजकी माणसे, एखाद्या डोंगराच्या किंवा जलाशयाच्या सान्निध्यात साधा विधी आणि आयुष्यभर जपावीत अशी थोडी छायाचित्रे, एवढाच त्यांच्या मनातील बेत असतो. शब्द परका असला तरी मागणी तितकी परकी नाही. म्हणून तिच्याकडे कपाळाला आठ्या घालून पाहण्याऐवजी तिचा नीट हिशेब मांडावा, या हेतूने हा लेख लिहीत आहे.

अहिल्यानगर, संगमनेर, नाशिक किंवा पुणे येथील कुटुंबांनी अशा जागेचा विचार सुरू केला की बहुधा भंडारदऱ्याचे नाव पुढे येते. कोल्हार-घोटी मार्गावर अकोल्याच्या पुढे राजूरची बाजारपेठ लागते आणि तेथून सुमारे वीस किलोमीटरवर शेंडी गावाजवळ प्रवरेवरचे विल्सन धरण आहे. १९१० साली त्याचे काम सुरू झाले आणि १९२६ साली ते पूर्ण झाले. तेव्हाचे मुंबई प्रांताचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचे नाव त्याला मिळाले. सुमारे ८२ मीटर उंचीच्या या दगडी भिंतीमागे साधारण ११ टीएमसी पाणी साठते. त्या जलाशयाला आर्थर लेक म्हणतात. उत्तरेला १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर, नैऋत्येला रतनगड आणि त्याच्या पायथ्याशी रतनवाडीचे प्राचीन अमृतेश्वर मंदिर, अशी ही रचना आहे. धरण पूर्वेच्या टोकाला आणि रतनवाडी पश्चिमेकडील टोकाला. जागा निवडताना ही दिशा प्रथम ध्यानात घ्यावी, कारण पुढचा सगळा विचार तिच्यावरच उभा आहे.

प्रकाश केव्हा चांगला असतो?

सूर्य माथ्यावर असताना त्याचे किरण वातावरणाचा सर्वांत कमी थर ओलांडून येतात. तो क्षितिजावर टेकला की हाच प्रवास सुमारे अडतीस पट लांबतो. या लांब वाटेत निळा प्रकाश विखरून जातो, तांबूस-सोनेरी उरतो आणि त्याची तीव्रताही ओसरते. त्यामुळे चेहऱ्यावर डोळ्यांखालच्या काळ्या सावल्या पडत नाहीत आणि लाल शालू व जरीचे काठ उजळून दिसतात. भर दुपारी हेच कपडे फिके दिसतात, वर पांढऱ्या फेट्याचा रंग डोळ्यांत खुपतो.

यासाठी उपकरण लागत नाही, आपली सावली पुरते. सूर्य ४५ अंशांवर असताना सावली आपल्या उंचीएवढी असते. ती उंचीच्या तिप्पट झाली की सूर्य सुमारे १८ अंशांवर आला असे समजावे. या मर्यादेच्या खालचा प्रकाश छायाचित्रास अनुकूल असतो. आपल्या अक्षांशावर हिवाळ्यात हा काळ सकाळी सूर्योदयानंतर सुमारे सव्वा ते दीड तास आणि सायंकाळी सूर्यास्तापूर्वी तेवढाच मिळतो. त्यातील खरा सोनेरी भाग मात्र जेमतेम अर्ध्या तासाचा असतो. युरोपातील चित्रे पाहून आपण लांबलचक संध्याकाळीची अपेक्षा करतो. तेथे सूर्य तिरका उतरतो, आपल्याकडे तो जवळजवळ सरळ खाली जातो.

आता डोंगराचा प्रश्न. पंचांगात किंवा मोबाइलवर दिलेली सूर्यास्ताची वेळ सपाट क्षितिज गृहीत धरून काढलेली असते. भंडारदऱ्यास पश्चिमेला सह्याद्रीची भिंत उभी आहे. हात सरळ पुढे धरून मूठ आडवी धरली तर तिची उंची सुमारे १० अंश भरते. डोंगराचा माथा क्षितिजापासून अर्ध्या मुठीएवढा वर असेल, तर सूर्य छापील वेळेच्या सुमारे वीस-पंचवीस मिनिटे आधीच दिसेनासा होतो. म्हणजे ज्या अर्ध्या तासासाठी सारा खटाटोप करावयाचा, त्याचाच मोठा भाग डोंगर गिळून टाकतो. हिवाळ्यात सूर्य पश्चिमेच्या सुमारे पंचवीस अंश दक्षिणेकडे, म्हणजे रतनगडाच्या बाजूला कलून मावळतो, हेही लक्षात ठेवावे. उन्हाळ्यात पाहून ठेवलेली जागा डिसेंबरात तशीच प्रकाश देईल, असे धरून चालू नये.

पहाट आपल्या घराला सोयीची

छायाचित्रकार बहुधा सायंकाळ सुचवतात. जैन कुटुंबाने मात्र सकाळच निवडावी, असे माझे मत आहे. त्यास कारणे तीन.

पहिले कारण जेवणाचे. ज्या घरात सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपण्याचा नियम आहे, तेथे सायंकाळचा उत्तम प्रकाश आणि चोविहाराची वेळ एकच असते. वधूवर काठावर उभे, छायाचित्रकार 'आणखी दोनच' म्हणतो आहे आणि मंडपात आजी-आजोबा ताटाकडे व घड्याळाकडे आळीपाळीने पाहत आहेत, हे दृश्य कोणत्याही छायाचित्रात शोभणारे नाही. सकाळी याच्या उलट घडते. नवकारशीचा काळ सूर्योदयानंतर ४८ मिनिटांचा. नेमकी तेवढीच वेळ सर्वांत सुंदर प्रकाशाची असते. तेव्हा कोणालाही खावयाचे नसते, कोणाचाही खोळंबा होत नाही. छायाचित्रे संपतात आणि न्याहारीची वेळ होते.

दुसरे कारण दिशेचे. शेंडीच्या बाजूच्या पूर्व काठावर वधूवर उभे केले आणि त्यांच्या मागे पाणी व पश्चिमेकडील डोंगर ठेवले, तर सकाळचा सूर्य छायाचित्रकाराच्या पाठीमागून येऊन चेहरे, पाणी आणि डोंगरकडे तिन्ही एकाच वेळी उजळतो. सायंकाळी त्याच ठिकाणी सूर्य वधूवरांच्या मागे असतो. आकाश रंगते, पण चेहरे काळवंडतात. कललेल्या सूर्याचे पाण्यावरील परावर्तनही झपाट्याने वाढते. सूर्य क्षितिजापासून ३० अंशांवर असता पाणी सुमारे ६ टक्के प्रकाश परतवते, तर १० अंशांवर सुमारे ३५ टक्के. समोरून येणारी ती चकाकी सांभाळणे निष्णात माणसाचे काम आहे.

तिसरे कारण वाऱ्याचे. पहाटे वारा पडलेला असल्याने पाणी बहुधा स्थिर असते आणि डोंगराचे प्रतिबिंब अखंड मिळते. दिवस चढला की लहरी उठतात.

महिना कोणता?

सर्वाधिक प्रसिद्धी भंडारदऱ्याच्या पावसाळ्यास आहे. परंतु तेव्हा चातुर्मास असतो, आपल्या घरी लग्ने नसतात. शिवाय तेव्हा ढगांमुळे सूर्य मिळण्याची शाश्वती नसते. मे महिन्यात मुहूर्त भरपूर, पण पाणी उतरलेले असते, काठावर भेगाळलेला गाळ उघडा पडतो आणि सूर्योदय सहाच्या सुमारास असल्याने वऱ्हाड पहाटे चारला उठवावे लागते. उरतो तो दिवाळीनंतरचा काळ. नोव्हेंबरअखेर येथे सूर्योदय सुमारे ६.५० व सूर्यास्त ५.५५ वाजता होतो. पुढे मळमासामुळे महिनाभर खंड पडतो. संक्रांतीनंतर, फेब्रुवारीच्या आरंभी, सूर्योदय सुमारे ७.०८ आणि सूर्यास्त ६.३० वाजता असतो. पावसाळ्यात भरलेल्या जलाशयात तेव्हा बऱ्यापैकी पाणी असते आणि आकाश बहुधा निरभ्र असते. थंडी मात्र बोचरी, म्हणून ज्येष्ठांसाठी शाली आणि सुंठीचा उकाळा यांची तरतूद खर्चाच्या यादीत पहिल्या पानावर असावी.

एका घरातील उदाहरण

माझ्या परिचयातील एका कापड व्यापाऱ्याच्या कन्येने गतवर्षी असाच हट्ट धरला. तिला चाळीस माणसे हवी होती, वडिलांच्या वहीत अकराशे नावे होती. वडिलांचा विरोध जागेला नव्हता. "ज्यांच्या घरी आपण पंचवीस वर्षे आहेर घेऊन गेलो, त्यांना आता काय सांगू?" हा त्यांचा प्रश्न होता आणि तो क्षुल्लक नव्हे. व्यापारात पत जशी देण्याघेण्यातून बांधली जाते, तशीच नात्यातही. मुलीचेही म्हणणे तितकेच प्रामाणिक होते. ती म्हणाली, "पप्पा, अकराशे लोकांत मला माझी आजीच दिसणार नाही."

तोडगा आजीनेच काढला. विधी जलाशयाकाठच्या निवासस्थानी चाळीस जणांत सकाळी व्हावा, आणि पुढच्या रविवारी गावी समाजभवनात सूर्यास्तापूर्वीचे साधे साधर्मिक भोजन द्यावे, त्यात स्टेज नसावे, आहेर नसावा. विवाहाच्या तीन आठवडे आधी वडील, मुलगी आणि छायाचित्रकार एक रात्र मुक्कामास जाऊन आले. छायाचित्रकाराने सायंकाळची जागा नक्की केली होती. प्रत्यक्षात ऊन डोंगराआड गेले तेव्हा छापील सूर्यास्तास बराच अवकाश होता. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच काठावर उभे राहिल्यावर कोणालाही काही समजावून सांगावे लागले नाही. वडील कॅमेऱ्याच्या पडद्याकडे पाहत बराच वेळ स्तब्ध राहिले आणि मग त्यांनी स्वतःच केटररला नवकारशीची वेळ कळविली. अकराशेपैकी काही नातलग रुसले, ते रुसलेच आहेत. तो खर्चही या हिशेबात धरावयास हवा.

कागद आणि परवानगी

निसर्गाच्या सान्निध्यात केलेला विवाह कायद्याच्या नजरेआड राहू नये. हिंदू विवाह कायदा, १९५५ जैन समाजालाही लागू आहे. त्याच्या कलम ७ नुसार रूढ विधी होणे आवश्यक असते, आणि ज्या रूढीत सप्तपदी आहे तेथे सातव्या पावलाने विवाह पूर्ण होतो. विधी न करता केवळ प्रमाणपत्र मिळविल्याने विवाह सिद्ध होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली स्पष्ट केले आहे. म्हणून छायाचित्रांच्या घाईत विधी आटोपता घेऊ नये आणि नंतर विवाह निबंधकाकडे नोंदणी चुकवू नये. वधूवर भिन्न धर्मांचे असून विशेष विवाह कायदा, १९५४ चा मार्ग घेतल्यास ३० दिवसांची पूर्वसूचना आणि तीन साक्षीदार लागतात. मुहूर्त त्या हिशेबाने धरावा.

हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे. धरणाची भिंत जलसंपदा विभागाच्या ताब्यात आहे, अमृतेश्वर मंदिर संरक्षित स्मारक आहे. यापैकी कोठेही कॅमेऱ्याचा मोठा सरंजाम, मंडप अथवा ड्रोन न्यावयाचा असल्यास आधी लेखी परवानगी घ्यावी. "तेथे कोणी विचारत नाही" हे उत्तर बँकेत चालत नसे, येथेही चालू नये. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे काठावरच्या एखाद्या निवासस्थानाच्या आवारातच विधी व छायाचित्रण करणे. काठाचा गाळ निसरडा असतो, भिजलेला शालू पायांत गुंततो. पाण्यात उतरून छायाचित्र काढण्याचा मोह निग्रहाने टाळावा. फटाके, कागदी चकाकी, थर्माकोल आणि प्लॅस्टिकच्या पाकळ्या नकोतच. पाण्यातील जीवांना त्यांचा उपद्रव होतो, आणि हेच पाणी खाली प्रवराकाठच्या शेतांना आणि गावांना जाते.

हा महादेव कोळी समाजाचा, राघोजी भांगरे यांच्या बंडाचा मुलूख आहे. छायाचित्रात मागे दिसणारे शेत कोणाचे तरी असते, उतरणीवर बांधलेली गाय कोणाची तरी असते. विचारून पाऊल टाकावे. भाजी, दूध, फुले, वाहने आणि मदतीचे हात राजूर-शेंडी येथूनच घ्यावेत आणि पैसे त्याच दिवशी चुकते करावेत. व्यापारी घराने हे शिकविण्याची गरज नसावी.

बँकेत असताना विवाहासाठी कर्ज मागणारे अनेक पालक माझ्यासमोर बसले. खर्चाच्या पत्रकात मंडप, दागिने, रोषणाई यांचे आकडे ठळक असत आणि परतफेडीच्या रकान्यापाशी लेखणी थांबे. सकाळचा प्रकाश मात्र कोणत्याही पत्रकात येत नाही, तो सर्वांना सारखाच मिळतो. त्यासाठी वेळेवर उठावे लागते आणि जागा आधी पाहून यावी लागते. अनेक समाजसंस्थांनी विवाहपूर्व छायाचित्रणातील दिखाऊपणाविरुद्ध ठराव केले आहेत. त्यांतील काळजी मी समजू शकतो. पण मुलांनी माणसे कमी, खर्च कमी आणि आजीला पहिल्या रांगेत जागा असा बेत मांडला, तर त्यास दिखाऊ म्हणता येणार नाही. अशा वेळी वडीलधाऱ्यांनी नकार देण्यापूर्वी एकदा त्यांच्याबरोबर त्या काठावर पहाटे उभे राहून यावे.