मेमरी आपोआप साफ होते ना, मग सर्व्हर का बंद पडला?

तुम्ही रोज वापरता त्या व्हॉट्सॲपचे सर्व्हर एर्लँग या फंक्शनल भाषेवर उभे राहिले. या भाषेत मेमरीची काळजी आपण करायची नसते. नको असलेला डेटा गार्बेज कलेक्टर स्वतःच उचलतो. मीही याच भरवशावर होतो आणि फसलो!

मी फोटो लहान करणारा एक छोटा सर्व्हर एर्लँगमध्ये लिहिला. जड काम मात्र सी भाषेतल्या लायब्ररीला दिलं. एर्लँगमधून असा सी कोड थेट बोलावण्याच्या सोयीला 'निफ' म्हणतात. दिवसभर सगळं मस्त चाललं, रात्री मेमरी संपून सर्व्हर बंद.

असं का झालं?

१२ मेगापिक्सेलचा फोटो उघडला की ४००० × ३००० पिक्सेल, प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे ४८ एमबी लागतात. ही मेमरी सीने घेतली होती. एर्लँगकडे होती फक्त तिची छोटीशी चिठ्ठी. कलेक्टर चिठ्ठी फेकतो, ४८ एमबी तसेच राहतात. असे शंभर फोटो झाले की ४.८ जीबी गेले! लग्नाला भाड्याने आणलेल्या भांड्यांची पावती फेकली, म्हणून भांडी परत जात नाहीत ना, तसंच हे.

मग उपाय काय?

१. सीची मेमरी 'रिसोर्स'मध्ये ठेवा आणि त्याला डिस्ट्रक्टर जोडा. डिस्ट्रक्टर म्हणजे शेवटी मेमरी परत करणारं फंक्शन.

२. रिसोर्स कोणकोण वापरतंय याची मोजणी चालू असते. चिठ्ठी एर्लँगला दिली की सी कोडने आपला हक्क 'रिलीज' करायचा. मी नेमकी हीच ओळ विसरलो होतो. त्यामुळे मोजणी शून्यावर येईना आणि डिस्ट्रक्टर काही चालेना.

३. काम झालं की मोठी मेमरी लगेच सोडा आणि पॉइंटर नल करा. कलेक्टरला चिठ्ठी छोटीच दिसते, त्यामुळे त्याला घाई नसते.

पण घाईत, वापर चालू असतानाच मेमरी सोडू नका. एर्लँगमध्ये एक प्रोसेस पडली तरी बाकीच्या चालू राहतात. निफमधला सी कोड क्रॅश झाला तर मात्र सगळंच बसतं.

उद्या अँड्रॉइड ॲपमधून सी कोड बोलावलात तरी हेच लक्षात ठेवा: सीने घेतलेली मेमरी सीनेच परत करायची.